काम चालू आहे

१० डिसेंबर, बुधवार

आजपासून बोर्ड माझ्याकडे. नोझुसाहेबांनी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं, "फुकुमा-सान, यापुढे तिकिटं तुम्ही बघायची. एकही हरवता कामा नये."

बोर्ड म्हणजे भिंतीवरचा नव्हे, संगणकाच्या पडद्यावरचा. हामानागा गावच्या नगरपालिकेच्या सगळ्या जुन्या नोंदी नव्या यंत्रणेत न्यायचं काम आमच्या कंपनीने घेतलंय. टोकियोची मोठी कंपनी वर, आम्ही खाली. या कामात जे जे बिघडतं त्याचं एकेक तिकीट निघतं. त्यावर काय बिघडलं, कोण दुरुस्त करणार, कधीपर्यंत आणि सध्या कुठवर आलंय ते लिहायचं. नवीन, काम चालू, तपासणी, बंद. नवीन लाल दिसतं, चालू हिरवं, बंद झालं की राखाडी होऊन खाली जातं. दर मंगळवारी टोकियोचे लोक पडद्यावर येतात आणि हिरवं-लाल मोजतात.

हे काम आधी सुएत्सुगु-सान करायचे. त्यांची तब्येत बिघडलीय, घरी असतात. त्यांच्या खुर्चीवरची उशी अजून तिथेच होती. मी ती खालच्या खणात ठेवली.

आईला फोन केला. ती म्हणाली, "जबाबदारी दिली म्हणजे विश्वास आहे. जेवतेस ना वेळेवर?"

ही वही आजच घेतली. बोर्डावर लिहिलेलं टोकियोपर्यंत सगळे वाचतात. तिथे बसत नाही ते इथे लिहीन.

१२ डिसेंबर, शुक्रवार

नगरपालिकेतल्या आओतो-सानचा फोन आला. दाखल्यांच्या खिडकीवर बसतात, पन्नाशीच्या असतील. "तुमचं नवं यंत्र माणसांचे चौकोन करायला लागलंय. या बघायला."

दाखल्यांचा भाग या महिन्यापासून नव्या यंत्रणेवर गेलाय. बाकीचं फेब्रुवारीअखेर जाईल. खिडकीसमोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, रबरी बूट घातलेले, टोपी हातात. मोरिवाकी आजोबा. ऑक्टोबरात त्यांची बायको वारली, तिच्या मृत्यूचा दाखला हवा होता. त्यावर आडनाव नीट छापलं होतं आणि पुढे नावाच्या जागी रिकामा चौकोन.

"हा चौकोन कोण?" त्यांनी मला विचारलं.

आओतो-सान म्हणाल्या, "आजोबा, यंत्राला ते अक्षर सापडलं नाही की चौकोन येतो."

"सापडलं नाही? साठ वर्षं माझ्या घरात होती. मला विचारायचं."

आजोबांच्या बायकोचं नाव इसो. म्हणजे खडकाळ किनारा. साधंच अक्षर, पण इसो-सानच्या वडिलांनी नोंद करताना त्यात एक ठिपका जास्त घातला होता. मासेमार माणूस, लिहायची सवय नाही. कारकुनाने जसं होतं तसं उतरवून घेतलं. शाळेत शिक्षिका ठिपका खोडायच्या आणि इसो-सान तो परत घालायच्या. आजोबा म्हणाले, "तिचा बाप म्हणायचा, किनाऱ्यावर एक खडा जास्त असला तर कुणाचं काय जातं?"

दाखला त्यांना मच्छीमार सोसायटीसाठी हवाय. धक्क्यावरची होडी बांधायची जागा सासऱ्यांची, मग बायकोच्या नावावर झालेली. ती आता स्वतःच्या नावावर करून घ्यायचीय. जानेवारीअखेर कागद दिले नाहीत तर जागा दुसऱ्याला जाते.

आओतो-सान म्हणाल्या, "ठिपक्याविना साधं अक्षर घालून आत्ता दाखला देते. सोसायटीला चालेल."

"मला नाही चालणार. दुसऱ्याच कुणाची बायको मेल्याचा कागद मी का नेऊ?"

मग ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "आजोबा, थोडं थांबा. मी तिकीट काढते. जानेवारीच्या मध्यापर्यंत होईल."

ते वाकून नमस्कार करून गेले. आओतो-सान म्हणाल्या, "तुम्ही नव्या आहात का?" मी म्हटलं, या कामात नवी, कंपनीत जुनी.

तिकीट क्रमांक ४१२. नावावर आमच्या ऑफिसातले काजितानी-सान. काम चालू.

१६ डिसेंबर, मंगळवार

जुन्या यंत्रणेतली ही वेडीवाकडी अक्षरं वीस-पंचवीस वर्षांपूर्वी एकेक करून हाताने आखलेली. ती कुठे आणि कशी ठेवलीयत ते फक्त काजितानी-सानना ठाऊक. आज त्यांनी मला हाक मारली.

"४१२ वर 'काम चालू' कुणी लिहिलं?"

"मी."

"मी तर अजून उघडलंही नाही."

"उघडणारच ना पण. 'नवीन' ठेवलं की बैठकीत लाल दिसतं."

ते हसले. "वा! माझं काम तुम्हीच चालू केलंत, आता संपवूनही टाका."

मी विचारलं, एका ठिपक्याला किती वेळ लागेल? म्हणाले, "बसलो तर दोन तास. टोकियोच्या यादीत माझ्या नावावर पानभर तिकिटं आहेत. त्यात हे कितवं?"

"शेवटून दुसरं."

"मग तुम्हीच सांगा."

मी टोकियोला लिहिलं की हे तिकीट वर घ्या, सोसायटीची मुदत आहे. संध्याकाळी उत्तर आलं. नागरिक एक, अक्षर एक, पर्यायी अक्षर उपलब्ध. प्राधान्य कमी.

काजितानी-सान दुपारी जागेवरच भाताचा गोळा खातात. अर्धा खाऊन ठेवून देतात. कमी खाणारे आहेत.

२३ डिसेंबर, मंगळवार

नोझुसाहेबांनी एक चांगली युक्ती शिकवली. ज्या तिकिटावर आठवडाभर कुणी काही लिहिलं नाही, ते आपोआप पिवळं होतं. पिवळं दिसलं की टोकियोवाले प्रश्न विचारतात. "म्हणून दर सोमवारी सगळ्यांवर एक ओळ टाकायची. 'तपासत आहोत.' झाडांना पाणी घालतो तसं."

काल घातलं पाणी. आज बैठक अगदी शांत झाली. टोकियोचे साहेब म्हणाले, बोर्ड फार निरोगी दिसतोय. खूप दिवसांनी कुणी माझ्या कामाबद्दल बोललं.

२६ डिसेंबर, शुक्रवार

वर्षअखेरची साफसफाई. सगळे फडकी घेऊन. काजितानी-साननी टेबल इतकं लख्ख केलं की वरचं ओरखडे पडलेलं लाकूड दिसायला लागलं. खण रिकामे केले, तारा गुंडाळून बांधल्या. त्यांचा निळा कप मला दिला आणि खिडकीतलं छोटं झाडही. "तुम्ही पाणी छान घालता." नव्या वर्षात नवा कप आणणार असतील.

निघताना मी म्हटलं, "४१२ तेवढं लक्षात असू द्या हं."

"लक्षात आहे," म्हणाले. "लक्षातच आहे."

५ जानेवारी, सोमवार

गावी चार दिवस. आईच्या हातचं लाल चवळीच्या गोड सारातलं मोची, म्हणजे तांदळाचे चिकट गोळे, पोट फुटेस्तोवर खाल्लं. परत येताना गाडीच्या खिडकीतून समुद्र नुसता राखाडी.

नगरपालिकेत गेले तर मोरिवाकी आजोबा बाकावर बसलेले. घरात वर्षभराचं सुतक, म्हणून नव्या वर्षाच्या शुभेच्छा त्यांनीही दिल्या नाहीत, मीही नाही. त्यांनी विचारलं, "झालं का काही?"

"काम चालू आहे, आजोबा."

"माणूस कोण आहे त्यावर?"

"काजितानी-सान म्हणून आहेत. आमच्यातले सगळ्यात जाणकार."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "मग घाई करू नका. घाईत ठिपका भलतीकडेच पडायचा."

किती समजूतदार माणूस! सगळी गिऱ्हाइकं अशी असती तर.

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी नऊ वाजता ऑफिसच्या फोनवर एक अनोळखी मुलगी. आवाज गोड, पाठ केल्यासारखा. "काजितानी-सान यांच्या वतीने आमची संस्था बोलतेय. ते आजपासून कामावर येणार नाहीत. राजीनामा टपालाने येईल. कृपया त्यांना किंवा घरच्यांना थेट फोन करू नये."

मी म्हटलं, "पण त्यांच्या नावावर तिकिटं आहेत!"

ती म्हणाली, "त्याबद्दल आम्हाला काही सांगितलेलं नाही."

पैसे घेऊन दुसऱ्याचा राजीनामा कळवणाऱ्या अशा संस्था असतात हे ऐकून होते. नोझुसाहेब लाल झाले. "सोळा वर्षं इथे होता. स्वतः येऊन सांगायची हिंमत नाही? दुसऱ्याच्या तोंडून निरोप पाठवतो!" मग दार लावून टोकियोशी बोलत बसले. बाहेर आले तेव्हा अगदी शांत होते.

मी विचारलं, "त्यांची तिकिटं कुणाच्या नावावर टाकू?"

"सध्या त्यांच्याच नावावर राहू द्या."

"पण ते तर—"

"फुकुमा-सान, नाव काढलं की बोर्डावर भोक दिसतं. टोकियोला मी माझ्या पद्धतीने सांगेन. तुम्ही पाणी घालत राहा."

तात्पुरतंच आहे. नवा माणूस आला की बदलेन.

काजितानी-सानना असं काय झालं असेल? डिसेंबरात तर चांगले हसतखेळत होते.

१८ जानेवारी, रविवार

ऑफिसात एकटी जाऊन बसले. म्हटलं, एक ठिपका तर आहे. जुन्या अक्षरांची फाइल शोधून काढली, काजितानी-सानच्या टिपणांवरून अक्षरही सापडलं. ते पडद्यावर मोठं करून पाहिलं. ठिपका खाली उजवीकडे आहे, जरासा कललेला. कुणीतरी नीट बघून आखला असेल.

तो नव्या यंत्रणेत घालायला गेले तर पुढची सगळी अक्षरं एकेक घर सरकली. चाचणीच्या यादीत अर्ध्या गावाची नावं बदलली. सगळं पूर्ववत करायला संध्याकाळ झाली. हे माझं काम नव्हे. मला लिहून ठेवता येतं, करता येत नाही.

कुणाला सांगितलं नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

आजोबा स्वतःच सोसायटीत जाऊन मुदत वाढवून आलेत. १३ फेब्रुवारी. एकदाच मिळते म्हणे. "अध्यक्ष माझ्यापेक्षा लहान आहे, त्याच्यापुढे वाकलो," असं हसत सांगत होते. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते की काजितानी-सान आता नाहीत. पण त्यांनी आधीच विचारलं, "चालू आहे ना?" आणि तोंडातून गेलं, "चालू आहे."

नंतर आओतो-सान मला जिन्यापाशी घेऊन गेल्या. "खरं सांगा. कुणी करतंय का ते?"

"काजितानी-सानच्या नावावर आहे."

"मी नाव नाही विचारलं."

मी घड्याळ बघितलं. त्या म्हणाल्या, "मला नीट सांगाल तर मी म्हाताऱ्याला पटवते. साधं अक्षर घे, कागद घे, होडी वाचव म्हणते. माझं ऐकेल तो. पण तुम्ही दर वेळी त्याला आशा लावून जाता."

मी म्हटलं, नवा माणूस येतोय, लवकरच होईल. आओतो-सानना थोडं तिरकस बोलायची सवय आहे. पण परतीच्या गाडीत माझं उतरायचं स्टेशन निघून गेलं आणि मला कळलंच नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

पाणी घातलं. नवा माणूस नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आजची बैठक विसरता येणार नाही. टोकियोने निर्णय दिला. यादीत नसलेल्या अक्षरांची सगळी तिकिटं एका मोठ्या तिकिटात टाकायची आणि ते मोठं तिकीट 'रचनेप्रमाणे' म्हणून बंद करायचं. म्हणजे हा बिघाड नव्हेच, यंत्रणा अशीच ठरवलीय. मीच बटण दाबलं. उघड्या तिकिटांच्या आलेखाची रेषा कड्यावरून उडी मारावी तशी खाली आली. पडद्यावरच्या टोकियोने टाळ्या वाजवल्या. नोझुसाहेब उभे राहून वाकले, मीही वाकले.

बैठक संपल्यावर मी म्हटलं, "त्यात ४१२ पण गेलं."

"कुठलं ४१२?"

"मोरिवाकी आजोबांचं. त्यांची शुक्रवारपर्यंत मुदत आहे. आजच कळवायला हवं, म्हणजे साधं अक्षर तरी घेतील."

"कळवू की. पण 'रचनेप्रमाणे' हा शब्द बाहेर जायचा तर मजकूर टोकियोने बघितला पाहिजे. लिहा आणि माझ्याकडे द्या."

लिहिलं. चार ओळी. दिला. उद्या सुट्टी आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मजकूर अजून टोकियोत आहे. दोनदा आठवण करून दिली. नोझुसाहेब म्हणाले, "लावू नका तगादा, खूश आहेत ते आपल्यावर."

दुपारी आओतो-सानचा नंबर काढून फोन हातात धरून बसले. परवानगीशिवाय बोलले तर माझ्या अंगाशी येईल. खिडकी पाचला बंद होते. घड्याळात पाच वाजले तेव्हा मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मजकूर काल मंजूर होऊन आला, एक शब्द बदलून. 'दिलगीर' काढून 'आभारी'. लगेच नगरपालिकेला पाठवला.

आज आओतो-सानचा फोन. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. "शुक्रवारी तो दिवसभर इथे बाकावर बसला होता. म्हणत होता, शेवटच्या दिवशी होतात अशी कामं. मी म्हटलं साधं घ्या, तर म्हणाला, ती मुलगी खोटं कशाला बोलेल? सोसायटीने शनिवारी जागा देऊन टाकली. मात्सुए शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरला. सुट्टीत गळ टाकायला येतो तो."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी परत अर्ज—"

"चौऱ्याऐंशीचा आहे तो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नवी यंत्रणा पूर्ण सुरू झाली. एकही मोठा बिघाड नाही. फुलं आली टोकियोहून.

६ मार्च, शुक्रवार

एक शेवटचं शिल्लक होतं. नोंदीत अजून तो चौकोन आहे, आणि चौकोन असेपर्यंत टोकियोच्या मोजणीत आमच्या नावापुढे एक चूक दिसते. साधं अक्षर घालायला घरच्यांची संमती हवी. आओतो-सान म्हणाल्या, "मी नाही जाणार. तुम्ही जा." कागद दिला.

आजोबांचं घर धक्क्याच्या वर, चढावर. अंगणात होडी आणून पालथी घातलीय, खाली ठोकळे. तिच्या तळावर ओला बर्फ. त्यांनी मला आत बसवलं, रॉकेलची शेगडी माझ्याकडे सरकवली, चहा केला. कोनाड्यात इसो-सानचा फोटो, पुढे भाताची छोटी वाटी. फोटोत त्या रबरी एप्रन घालून कशावर तरी खदखदून हसतायत.

मी सगळं पाठ करून गेले होते. अर्धंच बोलले असेन, त्यांनी हात वर केला.

"मला तो कागद आता कशालाच नको. होडीला जागा नाही, मग कागद घेऊन करू काय?" मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून, "पण तुमचं अडलंय ना?"

मी म्हटलं, "हो."

"द्या मग."

चष्मा शोधला. कागदावर छापलेलं साधं अक्षर बोटाने गिरवून बघितलं. "हेही बरंय. नीटनेटकं दिसतं." सही केली, शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला. फोटोकडे एकदाही पाहिलं नाही.

मी दारात बूट घालत होते तेव्हा ते आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले.

"हे काजितानी-सानना द्या. बांगडे. खारवून वाळवलेत. शेवटची होडी समुद्रात घातली तेव्हाचे."

मी पुडकं दोन्ही हातांनी घेतलं.

"तीन महिने माझ्यापायी राबला तो माणूस. नाही जमलं तर नाही जमलं. पण कुणीतरी बसलं होतं तिच्या नावापाशी, ते मला पुरे. माझा नमस्कार सांगा."

मी म्हटलं, "सांगते."

चढ उतरताना दोनदा मागे पाहिलं. ते होडीपाशी उभे राहून तळावरचा बर्फ हाताने खाली लोटत होते.

९ मार्च, सोमवार

साधं अक्षर घातलं. चौकोन गेला. टोकियोच्या मोजणीत शून्य आलं. नोझुसाहेबांनी शेजारच्या गावाचा बोर्ड माझ्याकडे दिलाय. तिथे आतापासूनच लाल फार आहे म्हणे. "तुमच्यासारखं कुणी नाही," म्हणाले.

जुना बोर्ड बंद करण्याआधी ४१२ चा सगळा इतिहास वाचला. तिकीट कुणी कधी उघडलं त्याची नोंद असते. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव आहे, फुकुमा. तपासत आहोत, तपासत आहोत, तपासत आहोत. काजितानी-साननी ते एकदाही उघडलेलं नाही.

त्यांचा पत्ता ऑफिसात मागितला. नोझुसाहेब म्हणाले, तो विषय संपला. त्या संस्थेला फोन केला. मुलीने त्याच गोड आवाजात सांगितलं की वस्तू पोचवल्या जात नाहीत.

तीन दिवस पुडकं स्वयंपाकघरात होतं. सगळ्या घराला वास लागला. टाकवेना. आज ऑफिसातून आले, दोन बांगडे शेगडीवर भाजले, भात लावला आणि बसून खाल्ले. काटे काढायला वेळ लागला. फार चांगले होते. अजून चार आहेत.